अक्काची वजावट

ह्या घरातल्या पुरुषांचे वाढदिवस एक जूनला एकदम येतात. अण्णांच्या मास्तरांनी अण्णांना शाळेत घालताना एक जून लावली, ती एक वेळ समजून घेता येते. त्या काळी गावाकडे, मैंदर्गीच्या शाळेतला सगळा वर्गच एक जूनला जन्मलेला होता. पण पुढे अण्णा स्वतः मुख्याध्यापक झाले, त्यांचे दोन्ही मुलगे दवाखान्यात जन्मले, तरी दाखल्यावर अमृतची एक जून आणि शिवराजचीही एक जूनच. "शाळेचं वर्ष सरळ पडतं," एवढंच अण्णांचं त्यावर म्हणणं. खऱ्या तारखेला जन्मलेली एकटी अंकिता, शिवराजची बायको. तिचा वाढदिवस कुणाच्या म्हणता कुणाच्या लक्षात राहत नाही.

वाढदिवसाला केक वगैरे नसतो. हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर असते, वर तुपाची धार. जेवणं उरकली की हॉलमधला पंखा पाचावर करून अंकिता लॅपटॉप उघडते आणि अण्णांचं आयकराचं विवरणपत्र भरायला घेते. हा रिवाज तिनेच पाडलेला. लग्नाआधीपासून ती एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती, आणि अण्णांना आयत्या वेळची धावपळ सोसत नाही. त्यामुळे जुलैअखेरची मुदत असली तरी अण्णांचं काम एक जूनलाच होऊन जातं. ज्या दिवशी वय वाढलं त्याच दिवशी सरकारला कळवून टाकायचं, असं अण्णा म्हणतात.

त्या वर्षी एक जून शनिवारी आला आणि अमृत पुण्याहून सकाळीच गाडी घेऊन पोचला. एकटाच. बायकोची नोकरी, मुलीचा क्लास, कारणं नेहमीचीच. पण ह्या खेपेला तो नुसती हुग्गी खायला आला नव्हता, हे अंकिता ओळखून होती. गेला महिनाभर दोन भावांचं फोनवर जे चाललं होतं, ते तिने नवऱ्याच्या चेहऱ्यावरूनच वाचलं होतं. जुळे सोलापुरातलं हे घर बिल्डरला द्यायचं. शिवराज-अंकिताला नव्या इमारतीत फ्लॅट. अण्णांनी पुण्याला अमृतकडे जायचं. आणि अण्णांची थोरली बहीण मल्लव्वा, जिला सगळं घर अक्का म्हणतं, तिला अक्कलकोट रोडवरच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं.

जेवताना अमृतने विषय काढलाच.

"अण्णा, तुम्ही ऐंशी पार केलीत. अक्का तुमच्याहून मोठी, त्यात दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. म्हाताऱ्यानं म्हातारीला किती दिवस सांभाळायचं?"

अण्णा दह्यात कडक भाकरी कुस्करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कुटं सांभाळतोय? ती हाय, मी हाय. दोघं राहतो."

"तसं नाही अण्णा. आश्रम स्वच्छ आहे. डॉक्टर येतात. मी बघून आलोय."

"दादा म्हणतोय ते एका परीनं..." शिवराज बोलू लागला, आणि बायकोची नजर पडताच त्याने उरलेलं वाक्य हुग्गीबरोबर गिळून टाकलं.

मागच्या पडवीतून उखळाचा आवाज येत होता. अक्का शेंगाची चटणी कुटत होती. पुरुषांची जेवणं होईतो तिने जेवायचं नाही आणि रिकामंही बसायचं नाही, हा तिचा नेम. नजर गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पण ह्या घरात आपण फुकट खात नाही हे सिद्ध करायला तिच्याकडे ती चटणी होती. खरं सांगायचं तर अक्काच्या हातात आता जोर उरला नव्हता. शेंगदाणे अर्धे कच्चे, अर्धे पीठ असं व्हायचं. ती दुपारी लवंडली, की अंकिता उखळ स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून, सगळं पुन्हा कुटून काढायची आणि संध्याकाळी म्हणायची, "अक्का, आजची चटणी लई झाक झालीय हं." अक्का नुसती हं करायची. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. कारण अक्काचं एक वाक्य ह्या घरावर कायमचं टांगलेलं होतं: ज्या दिवशी मी कुनाच्या अंगावर पडले, त्या दिवशी मैंदर्गीची गाडी. मैंदर्गीत बापाच्या घराची एक खोली अजून उभी होती. किल्ली अक्काच्या कनवटीला असायची.

जेवणं झाली. ताटं उचलली गेली. अंकिताने लॅपटॉप उघडला आणि अण्णा समोर ताठ बसले, हजेरी घ्यायला बसावं तसे.

"हं, पहिल्यांदा वय."

"ऐंशी पूर्ण," अंकिता म्हणाली. "गेल्या एक जूनला झाली, म्हणून सरत्या वर्षासाठी तुम्ही अतिज्येष्ठ नागरिक."

"अति!" अण्णांना गंमत वाटली. "अति म्हणजे जरा जास्तच जगलो की काय मी?"

"त्याचा फायदा आहे अण्णा. साठीला तीन लाखांपर्यंत कर नव्हता. ऐंशी झाल्यावर पाच लाखांपर्यंत नाही. पण हे जुन्या पद्धतीत. नव्या पद्धतीत वयाला सवलत नाही, वजावटीही जवळपास नाहीत, मात्र दर कमी. दोन्हीकडून करून बघायचं आणि आपल्याला सोसेल ते घ्यायचं."

"बरं. पुढं."

"बँकेतल्या ठेवींचं व्याज. त्यातले पन्नास हजारांपर्यंत वजा होतात. हे फक्त साठीच्या पुढच्यांना."

"का?"

हा अण्णांचा खास प्रश्न. दरवर्षी प्रत्येक वजावटीला ते का विचारायचे, आणि अंकिता दरवर्षी "कलमच आहे तसं" म्हणून पुढे सरकायची. ह्या वर्षी ती थांबली.

"मला वाटतं, कुणीतरी विचार केला असेल अण्णा. पगार थांबलेला असतो. म्हातारं माणूस जमेल ते ठेवीत टाकतं आणि व्याजावर घर चालवतं. त्याच्या तोंडचं व्याज तरी थोडं सोडू या, असं कुणाला तरी वाटलं असेल."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "दिल्लीत बसून?"

"दिल्लीत बसून."

"आश्चर्य आहे," अण्णा म्हणाले, आणि खरोखरच त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

औषधांच्या वजावटीवर मात्र त्यांची फजिती झाली. विमा नसलेल्या ज्येष्ठांना औषधपाण्याचा खर्च वजा करता येतो, पण रोख दिलेला धरत नाहीत. आणि अण्णा मेडिकलवाल्याला कधी मोबाइलवरून पैसे देत नसत. तो समोर नोटा मोजतो ते त्यांना बघायचं असे. "म्हणजे सगळी औषधं फुकट गिळली मी," असं म्हणून ते स्वतःवरच हसले. अमृत सोफ्यावर मोबाइल चाळत होता. शिवराजला दुकानात जायचं होतं, पण भाऊ बसलाय तोवर उठणं बरं दिसत नाही म्हणून तोही बसून होता.

"आणि अण्णा, आणखी एक आहे." अंकिताचा आवाज आपोआप खाली आला. "मी इतकी वर्षं तुमचं भरते, पण माझ्या कधी डोक्यातच आलं नाही."

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले होते. त्यांचा धाकटा भाऊ जन्मापासून अंथरुणात. त्यांचं विवरणपत्र भरताना ह्या वर्षी नव्यानेच आलेला एक रकाना तिच्यासमोर उघडला: अवलंबून असलेली अपंग व्यक्ती तुमची कोण? कलम तिला पाठ होतं. पण पाठ असलेलं माणूस वाचत नाही. त्या दिवशी तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला. इतके दिवस ती ज्याला आकडे समजत होती, त्याच्या आत माणसं बसलेली होती. कुणाच्या घरात कोण कुणाला भरवतं, कोण कुणाला न्हाऊ घालतं, ह्याची कुणीतरी दखल घेऊन ठेवली होती. तिला एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटलं. आयकराच्या कायद्याबद्दल असं वाटणं तिला स्वतःलाच विचित्र वाटलं, म्हणून ती घरी कुणाला बोलली नव्हती.

"अपंग नातेवाईक आपल्यावर अवलंबून असेल आणि आपण त्याच्या औषधपाण्याला, सांभाळायला खर्च करत असू, तर ठरावीक रक्कम उत्पन्नातून वजा होते," ती म्हणाली. "अक्कांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, म्हणजे सव्वा लाख. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला आहेच, एसटीच्या सवलतीसाठी काढलेला."

"पावत्या?"

"लागत नाहीत. किती खर्च केला ते विचारत नाहीत अण्णा. केला, एवढं पुरे."

अण्णांनी चष्मा काढला. "पावती न मागणारं सरकार मी जन्मात पाहिलं नव्हतं," ते पुटपुटले.

सोफ्यावरचा मोबाइल खाली आला. "किती म्हणालीस? सव्वा लाख?" अमृतने विचारलं.

"हो भाऊजी."

"मी तीस टक्क्यांत बसतो." अमृत उठून टेबलाजवळ आला. हिशेब त्याच्या डोळ्यांतच झाला. "मग अक्काला माझ्या रिटर्नमध्ये लाव ना. अण्णांना काय, ते वीस टक्क्यांत. फायदा मला जास्त होईल. शेवटी घरातच राहतो पैसा."

"आणि आश्रम?" शिवराजने विचारलं.

"आश्रम कशाला? माझ्याकडे तीन बेडरूम आहेत." अमृत एकदम हळवा झाला, आणि सांगायला हवं की तो नाटक करत नव्हता. माणसाला आपलीच माया कधी कधी अशी भलत्या वाटेने सापडते. "आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा मला अक्कानंच वाढवलंय. मी काही विसरलो नाही."

"असं कसं दादा?" आता शिवराज उठला. "अक्का राहते इथं. जेवते इथं. रात्री तिला उठवायचं झालं तर मी उठतो. मग माझ्या रिटर्नला का नको?"

"तू किती टॅक्स भरतोस असा?"

"भरतो तेवढा भरतो."

तासाभरापूर्वी जी म्हातारी कुणाच्या घरात मावत नव्हती, तिच्यासाठी दोन भाऊ आता हमरीतुमरीवर आले. एकजण तिने दिलेला गूळ-शेंगा आठवू लागला, दुसरा तिच्या पायाला लावलेलं तेल मोजू लागला. अंकिताने त्यांना थोडा वेळ भांडू दिलं. तेवढं सुख तिने घेतलं.

मग म्हणाली, "तुम्हा दोघांनाही मिळणार नाही. भाचे यादीत नाहीत."

"कसल्या यादीत?"

"कोण कुणावर अवलंबून धरायचं, त्याची यादी आहे. पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ, बहीण. संपलं."

"म्हणजे आत्या कुणाचीच नाही?" अमृत म्हणाला.

"आत्या भाच्याची नाही, भाऊजी. बहीण भावाची आहे."

अमृत पुन्हा सोफ्यावर बसला. आलेली माया पूर्णपणे ओसरली नाही, पण निम्मी तरी खाली उतरली. शिवराज मात्र अंकिताकडे बघून ओशाळं हसला आणि मघाचा, भावाच्या बाजूचा शिवराज राहिला नाही. त्या हसण्यात अंकिताला बरंच काही परत मिळालं.

"म्हणजे अण्णाच भरू शकतात," ती म्हणाली. "अण्णा, अक्कांचा आधार नंबर लागेल. विचारू?"

"नको." अण्णा ताडकन उठले. "ते भरू नकोस." आणि चपला न घालताच पुढच्या अंगणात निघून गेले.

अंगणातली फरशी तापली होती. लिंबाच्या सावलीत अण्णा पाय उचलत-टेकत उभे होते. अंकिता त्यांच्या चपला घेऊन गेली.

"अण्णा, ह्यात खोटं काही नाही."

"खरं हाय म्हणूनच नको." चिडले की अण्णांच्या बोलण्यातून मुख्याध्यापक निघून जायचे आणि मैंदर्गी उरायची. "आधार नंबर मागितला तर ती इचारणार, कशाला? तिच्याशी मी आजवर खोटं बोललेलो न्हाय. खरं सांगितलं, की तू माझ्यावर अवलंबून हायस असं लिवतोय, तर संध्याकाळी ती गाडीत बसलेली असंल. तुला माहीत न्हाय ती. डोळे गेले तवा डॉक्टरसमोर हसली. म्हणली, आता पोळीवरचं तूप दिसणार न्हाय एवढंच. तिला आंधळी म्हण, काय वाटणार न्हाय. पण अंगावर पडली म्हणलेलं सोसायचं न्हाय तिला."

"पण अण्णा, कर वाचेल."

"भरीन की कर! आजवर भरला न्हाय का? ती त्या खोलीत एकटी मरंल, आन् मी हितं वाचलेल्या करातनं कंदी पेढे खाऊ का?"

अंकिताने चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या. ऐंशी वर्षांच्या ह्या माणसाच्या तोंडावर तिला एकाएकी लहान पोराची भीती दिसली. बहीण आपल्याला सोडून जाईल, एवढीच ती भीती होती. घर बिल्डरला जाण्याची नव्हती, पुण्याचीही नव्हती.

आणि तेवढ्यात आतून अमृतचा आवाज आला. तो मुळात वाईट माणूस नव्हता, पण घाईचा होता. आपल्याला नाही तर नाही, अण्णांचा तरी फायदा का सोडायचा, एवढ्या सरळ विचाराने तो उठून पडवीच्या दारात गेला होता.

"अक्का, तुझं आधार कार्ड कुठं ठेवलंयस? अण्णांना पाहिजे. तू त्यांच्यावर अवलंबून आहेस असं सरकारला लिहून द्यायचंय!"

उखळाचा आवाज थांबला.

अण्णा चपला टाकून आत धावले. अंकिता मागोमाग. हॉलमध्ये पोचले तेव्हा अक्का भिंतीला हात लावत आत आलेली होती. चटणीचा हात पदराला न पुसता तसाच पुढे धरलेला. शिवराजने खुर्ची सरकवली, पण ती बसली नाही.

"तम्मा," ती म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ती अण्णांना तम्मा म्हणायची. "अमृत काय म्हणतोय?"

"काय न्हाय अक्का. मी नको म्हणून सांगितलंय."

"तुला न्हाय इचारलं नको का होय. काय म्हणतोय?"

अण्णांनी अंकिताकडे पाहिलं. अमृतला आपण काय करून बसलो ते आत्ता उमगलं होतं, तो दाराची चौकट धरून उभा होता.

"अंकिता, तू सांग," अक्का म्हणाली. "तू सरकारचं वाचतीस."

अंकिताने सांगितलं. काही लपवलं नाही. म्हातारपणी कर कमी बसतो. त्यात ज्याच्या घरी न दिसणारं, न चालणारं माणूस असतं, त्याला आणखी सूट. त्यासाठी लिहावं लागतं, की हे माणूस माझ्यावर अवलंबून आहे आणि मी त्याला सांभाळतो.

"कुणीबी कुणाला लिवलं तर चालतंय?"

"नाही अक्का. यादी आहे."

"वाच."

"नवरा किंवा बायको. मुलं. आई-वडील. भाऊ. बहीण."

अक्का हळूच खुर्चीवर बसली.

"शेवटचं परत वाच."

"बहीण."

"ते माझं मन राखाय तू घातलंस का?"

"नाही अक्का. कायद्यातच आहे. सगळ्या देशाला हेच."

"अकलूजच्या मानसालाबी? तुझ्या माहेरच्या?"

"हो."

"दिल्लीच्याबी?"

"दिल्लीच्यालाही हेच, अक्का."

"अय्य शिवा," अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "सरकारच्या कायद्यात भैण लिवलीय?"

"माझं लगीन झालं," अक्का त्या कायद्यालाच सांगावं तसं सांगू लागली, "तवा बापानं रेशनच्या कारडातनं माझं नाव कमी केलं. रीतच हाय. सासऱ्याच्या कारडात लागलं. दोन पावसाळ्यांत नवरा गेला. सासऱ्यानं नाव कमी केलं. त्येचीबी रीत हाय. घरी आले तर बाप गेलेला, आई आजारानं निजलेली, आन् हे तम्मा कडंवर. तलाठी इचारायचा, बाई तुमी हितं कोण? मी म्हणायची, मी भैण. तो म्हणायचा, भैण म्हणून रकाना न्हाय. मुलगी म्हणून आलता का, सून म्हणून आलता का ते बोला. मग मी मुकाट माझं एकटीचं कारड काढलं. एक नाव. वरबी मीच, खालीबी मीच." ती थांबली. "कुटं हाय ते अक्षर? मला दाव."

अंकिताने लॅपटॉप तिच्या मांडीशी आणला, तिचं बोट धरलं आणि पडद्यावरच्या त्या शब्दावर टेकवलं. अक्काने बोट बराच वेळ तिथेच ठेवलं. काचेवर तिखटाचा लाल ठसा उमटला. शिवराजने खिशातला रुमाल काढला होता, तो त्याने स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

अंकिताला वाटलं, आपण इतकी वर्षं हे काम करतो, किती जणांचे रकाने भरले असतील. त्यातल्या एका शब्दावर कुणी असं बोट ठेवून बसेल हे ज्याने तो लिहिला त्याला तरी ठाऊक असेल का? त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात हात जोडावेसे तिला वाटले, आणि तिने जोडले.

"पण अक्का," अण्णा कसेबसे म्हणाले, "त्यात अवलंबून लिवावं लागतंय. तू तर..."

"मग? हाय की मी अवलंबून."

अण्णांनी चमकून वर पाहिलं.

"मला काय कळत न्हाय व्हय रं? ही पोरगी दुपारी दार लावून माझी चटणी परत कुटती. डोळे गेलेत माझे, कान न्हाय. आधी दोन दिवस राग आला. मग म्हणलं, माझ्यासाठी येवढं लपून करती, करू दे. तुमी कुनी बोलत न्हवता, म्हणून मीबी बोलत न्हवते." तिने तोंड अण्णांच्या दिशेने वळवलं. "तू कडंवर व्हतास तवा तू माझ्यावर अवलंबून व्हतास का न्हाय? रडून रडून माझा खांदा भिजवायचास. तवा तुला लाज वाटली व्हती का?"

"मला आठवत न्हाय," अण्णा म्हणाले.

"बघा! येवढा शिकला, आन् म्हणं आठवत न्हाय."

अमृत पहिल्यांदा हसला, मग सगळेच हसले. अण्णा हसता हसता रडायला लागले आणि त्यांनी ते लपवलं नाही. हेडमास्तरला रडताना त्या दोन मुलांनी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"लिव नंबर," अक्काने अंकिताला हुकूम सोडला. आधारचा सगळा नंबर तिला तोंडपाठ होता. कार्ड दिसत नाही, उद्या कुणी चुकीचं दिलं तर कळायला नको का, म्हणून तिने तो बसून पाठ केला होता. अंकिताने आकडे घातले. अवलंबून व्यक्ती कोण, ह्यापुढे बहीण निवडलं. दोन्ही पद्धतींनी कर काढून बघितला, जुनी पद्धत सोसली. बारकंसारकं आणखी बरंच होतं, तेही तिने भरलं. मग अण्णांच्या मोबाइलवर पडताळणीचा आकडा आला आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"घालू?" अंकिताने विचारलं. "एकदा घातला की गेलं सरकारकडे."

"थांब." अण्णांनी हात वर केला. ज्याची त्यांना दुपारपासून धास्ती होती ते विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं. "अक्का... आन् मैंदर्गी? जाशील का तू आता?"

अक्काने कनवटीची किल्ली चाचपली, आणि तिला काहीतरी खुळ्यासारखं विचारलं गेलंय अशा चेहऱ्याने ती म्हणाली, "आता कशी जाऊ रं? भैण माझ्यापाशी असती म्हणून तू सरकारात लिवून द्यायला लागलास. मैंदर्गीला गेले, न्हायतर ह्या अमृतच्या आश्रमात गेले, तर तू खोटा पडशील की. तुला खोटं पाडून मी कुटं जाऊ?"

अमृतने मान खाली घातली. अंकिताने आकडा घातला.